कोरालीची दहा मिनिटं

कोराली हॉकिंगच्या दारावर कुणी टकटक करत नाही. फाटकापासून पायरीपर्यंत शिंपल्यांचा चुरा पसरलेला आहे. त्यावर पावलं वाजायला लागली की आतून नावानिशी हाक येते आणि पाठोपाठ किटलीत पाणी पडल्याचा आवाज. नेव्हिल एकदा तिची परीक्षा घ्यायला म्हणून बायकोचे बूट घालून गेला होता. आतून कोराली म्हणाली, "नेव्हिल, आयरिसचे बूट फाडशील. आधी काढ ते."

सोळाव्या वर्षी ती पेलम इनलेटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसायला लागली. तेव्हा गावात जेमतेम सत्तर फोन होते. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, त्या श्वासावरून तिला कळायचं की पलीकडे कोण आहे, आणि बहुतेकदा त्याला कुणाशी बोलायचंय तेही. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा ती पस्तिशीची होती. मग वीस वर्षं बेकरीत पहाटेची पाळी केली. पाव भाजून झाला की नाही हे ती त्यावर टिचकी मारून, कान लावून सांगायची. नवरा डेस खाडीत कालवं वाढवायचा. मूल झालं नाही. त्याबद्दल ती बोलत नाही, आम्ही विचारत नाही.

गावाच्या दक्षिणेला राखीव जंगल आहे. जंगल म्हणायचं, पण त्यात खाडी आहे, दलदल आहे, नेच्यांनी भरलेली ओली घळ आहे, वर खुरट्या झुडपांचा माळ आहे आणि शेवटी वाळूच्या टेकड्यांपलीकडे समुद्र. सकाळी खाडीवरून निघालं तर दुपार कलताना समुद्राला पोचता येतं. आमचा चालणाऱ्यांचा क्लब ही वाट दर वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी चालतो. पाच ठिकाणी थांबायचं आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं कुणी शब्द बोलायचा नाही. त्या दहा मिनिटांत कोराली जे जे पक्षी ऐकेल ते वहीत लिहायचं.

नियम तिनेच घातला होता. ऐकणारी एकच, दर वर्षी तीच. बाकीच्यांनी काहीही ऐकलं तरी ते वहीत जाणार नाही. यंदा माझे कान, पुढच्या वर्षी तुझे, असं केलं तर काय वाढलं आणि काय घटलं हे कळायचं कसं, असं तिचं म्हणणं. लिहायला डेस असायचा. तो म्हणायचा, कापड मोजायचं तर मधेच पट्टी बदलायची नाही. एकतीस वर्षं कुणी पट्टी बदलली नाही.

सहा वर्षांपूर्वी डेस गेला आणि वही माझ्याकडे आली. माझं अक्षर सगळ्यांना वाचता येतं, एवढंच त्याचं कारण. पक्ष्यांतलं मला फारसं कळत नाही. आई इथल्या दवाखान्यात नर्स होती, सात वर्षांची असल्यापासून मी या गावची. आता शिकायला शहरात असते आणि त्या शनिवारी परत येते. नेव्हिल मला कारकूनबाई म्हणतो.

गेल्या जुलैत राखीव जंगलाच्या ऑफिसचं पत्र आलं. माळावरची झुडपं म्हातारी झाली आहेत, तर येत्या एप्रिलमध्ये माळ जाळायचा आहे. त्यात नवल काही नव्हतं. काही वर्षांनी ते करावंच लागतं, कारण आगीशिवाय तिथल्या कितीतरी झुडपांचं बी उघडतच नाही. प्रश्न एवढाच होता की माळ एका दमात जाळायचा की तुकड्यातुकड्यांनी. माळावर एमूरेन असेल तर तुकड्यांनी. अंगठ्याएवढा तो पक्षी, शेपटीत सहाच पिसं, एमूच्या पिसांसारखी विरळ. त्याला धड उडता येत नाही. आग आली की तो झुडपांच्या बुडातून पळतो आणि मागे पडतो. तो नसेल, तर एका दुपारीत सगळा माळ.

माळाची दुसरी कुठली नोंद ऑफिसकडे नव्हती, कोरालीची वहीच होती. वहीत तीन वर्षं एमूरेनपुढे शून्य होतं. चौथं शून्य आलं की पक्षी इथून गेला असं धरलं जाणार होतं. चालून झाल्यावरच्या सोमवारपर्यंत आकडा कळवा, असं पत्रात होतं.

कोरालीने ते पत्र फ्रिजवर लावून ठेवलं होतं. शुक्रवारी मी तिच्याकडे पोचले तेव्हा चहा देताना ती त्याच्याकडे पाहत म्हणाली, "एक. एक ऐकू आला तरी पुरे आहे मला."

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही आठजण धक्क्यावर जमलो. खाडीवर धुकं इतकं खाली होतं की कालवांच्या चौकटींचे खांब पाण्यात उभे नसून हवेत टांगल्यासारखे दिसत होते. सगळ्यांनी कागदावर नावं लिहिली. मोज्यांवर मीठ चोळलं, जळवांसाठी. आयरिसने केक कापून आठ पुड्या बांधून दिल्या होत्या. ती स्वतः कधी येत नाही. पुढे कोराली, शेवटी नेव्हिल, हे ठरलेलं. नेव्हिल चाळीस वर्षं बस चालवायचा. शेवटचा माणूस चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही ही सवय त्याला इथेही उपयोगी पडते. निघताना तो नेहमीसारखा ओरडला, "कोराली, मी मधे कुठे मेलो तर परत येताना उचलून ने."

"परत येताना दुसरी वाट आहे," कोराली वळून न बघता म्हणाली.

पहिला थांबा खाडीच्या चिखलाशी. कोराली हात वर करते आणि सगळे जिथल्या तिथे थांबतात. मग ती डोळे मिटते, हनुवटी जराशी वर उचलते. तिचा हात खाली येईपर्यंतची दहा मिनिटं मला दर वर्षी वेगळी वाटतात. पहिल्या मिनिटात आपलंच अंग वाजत असतं. श्वास, गिळलेली थुंकी, पिशवीचा पट्टा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ते सगळं लांब जातं, आणि जमीन हळूहळू आपल्यापर्यंत यायला लागते. चिखलात भोकाभोकांतून पाणी खाली उतरत होतं, त्याचे छोटे छोटे घोट. लांब कुठेतरी शेराटीने चोच आपटली. धुक्यातून पंखांचा आवाज गेला, पक्षी दिसला नाही. मला वाटलं की मी झोपेत उभी आहे आणि झोप माझ्या बाहेर आहे.

हात खाली आला. कोरालीने अकरा नावं सांगितली, मी लिहून घेतली.

दुसरा थांबा दलदलीत. तिथली झाडं पांढऱ्या सालीची, साल कागदासारखी पदर पदर सुटलेली, आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. लाकडी फळ्यांच्या वाटेवर आम्ही एकामागे एक उभे राहिलो. पाण्यातल्या झाडांचं टोक आणि वरच्या झाडांचं टोक यांच्यामध्ये आम्ही, कुठली बाजू वर आहे हे विसरलेले. बेडूक एकेक करून बोलायला लागले. दहा मिनिटं संपल्यावर कोरालीने सात नावं सांगितली आणि थांबली. मी पेन तसंच धरून होते.

"एवढेच," ती म्हणाली.

डेस लिहायचा तेव्हा इथे नऊ-दहा असायचे. फळ्यांवरून पुढे जाताना ती माझ्याशी बोलली ते जवळजवळ स्वतःशीच. डेस गेल्यापासून हे सगळं गप्प होत चाललंय, ती म्हणाली. आधी तिला वाटलं होतं की आपल्यालाच तसं भासतंय, घर रिकामं झालं की सगळंच रिकामं वाटतं. पण वहीत आकडे होते. आकड्यांना दुःख नसतं.

घळीत उतरलो तसा उजेड हिरवा झाला. माणसापेक्षा उंच नेचे, त्यांच्या खोडांवर शेवाळ, शेवाळातून पाणी. इथे लायरबर्ड राहतो, आणि तो मोजणाऱ्याचा शत्रू आहे, कारण तो बाकी सगळ्यांची नक्कल करतो. त्या दहा मिनिटांत मी काकाकुव्यांचा थवा ऐकला, दोन प्रकारचे पोपट ऐकले, चाबूकपक्ष्याचा लांब शीळ ताणून मारलेला फटका ऐकला आणि त्याला मादीने दिलेलं लाडिक उत्तरही. कोरालीने यातलं काहीच लिहू दिलं नाही. सगळा एकच लायरबर्ड होता, ती म्हणाली. क्लबातल्या एकाने विचारलं, चाबूकपक्ष्याची तर जोडी होती ना?

"फटका आणि उत्तर एकाच तोंडातून आलं," कोराली म्हणाली. "बायको उत्तर देते ती जरा लांबून देते. तुझी नाही का?"

सगळे हसले. मीही हसले. ही बाई ऐकण्यात चुकेल असं त्या क्षणी कुणाच्या मनातही आलं नसतं, आणि मला वाटतं तिच्या स्वतःच्या तर मुळीच नाही. पावलं, श्वास, पाण्याचे घोट, चाबकाचे फटके, सगळं तिला अजून येत होतं, आमच्यापेक्षा जास्त येत होतं.

घळीतून वर चढताना नेव्हिल फार मागे राहिला. माळाच्या तोंडाशी ब्रश आणि फवाऱ्याची जागा आहे. खालच्या मातीतला रोग वर जाऊ नये म्हणून प्रत्येकाने बुटांचे तळवे घासायचे. कोरालीने आपले घासले, मग वाकून माझेही पाहिले आणि टाचेतला एक खडा काढला. उठताना तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला. मी म्हटलं, थोडं बसूया. ती म्हणाली, वारा पडलाय. असा वारा पडलेला माळ वर्षातून चारदा मिळतो. आत्ता नाही ऐकू आला तर नाहीच.

माळावर दोन वाटा फुटतात. आमच्या क्लबात रीत अशी, की फाटा आला की सगळ्यांत पुढे असलेल्याच्या मागचा माणूस तिथे उभा राहतो, आणि शेवटचा येईपर्यंत प्रत्येकाला वाट दाखवतो. मागची मी होते. कोराली पुढे गेली, बाकीचे एकेक करून माझ्यासमोरून गेले, आणि नेव्हिलची वाट बघत मी एकटी उरले.

झुडपं माझ्या कमरेइतकी. पांढरी, गुलाबी, पिवळी फुलं, इतकी बारीक की एकेक दिसत नव्हती, नुसता रंग जमिनीवर वाफेसारखा धरलेला. लांबवर समुद्राची एक रेघ. ऊन होतं आणि त्याला आवाज होता. दर वर्षी तो असतो. काचेच्या बांगडीवरून नख ओढावं तशी एक फार बारीक थरथर, जरा वेळ, मग बंद, मग दुसऱ्या झुडपातून. मला तो आवाज आवडतो. किडे आहेत, असं मी पहिल्या वर्षी मनाशी ठरवलं होतं, आणि त्यानंतर पुन्हा विचार केला नव्हता. नेव्हिल धापा टाकत आला आणि म्हणाला, कारकूनबाई, असं हसू नकोस, मी सुंदर आहे हे मला माहीत आहे.

चौथा थांबा माळाच्या मध्यावर. कोरालीने हात वर केला. डोळे मिटले.

मी तिच्यापासून दोन हातांवर होते. तिच्या पापण्या इतक्या घट्ट होत्या की कडेला सुरकुत्या पडल्या होत्या. पाच मिनिटं गेली. ती बारीक थरथर आमच्या चारी बाजूंना चालू होती, इकडे, मग मागे, मग अगदी जवळ. सहाव्या-सातव्या मिनिटाला कोरालीने डोळे उघडले. मी तिला असं करताना कधी पाहिलं नव्हतं. थकल्यासारखी ती समोर नुसती बघत राहिली.

समोर बँक्सियाच्या झुडपाची एक वाळकी काटकी होती. तिच्यावर झुडपातून एक पक्षी चढत आला. उडत नाही, चढत, उंदरासारखा. तांबूस अंग, गळ्यावर फिका निळा डाग, आणि मागे उभी धरलेली शेपटी, जिच्यातून आकाश दिसत होतं. चित्रात पाहिला होता तसाच. काटकीच्या टोकाला येऊन त्याने चोच उघडली. निळा गळा थरथरायला लागला, आणि मी इतकी वर्षं ज्याला किडे म्हणत होते तो आवाज त्या गळ्यातून आला.

मी कोरालीकडे पाहिलं. ती पक्ष्याकडेच बघत होती. तिची मान हळूहळू पुढे गेली, मग एक कान त्याच्याकडे वळला. पक्षी तिच्यापासून चार हातांवर गात होता. तिच्या चेहऱ्यावर वाट बघणं होतं. फोन उचलला गेलाय आणि पलीकडून कुणी बोलत नाही, तसं.

मग पक्ष्याने चोच मिटली आणि तो झुडपात उतरून गेला.

हात खाली यायला बराच वेळ लागला. तिने नावं सांगितली, नेहमीच्या क्रमाने, नेहमीच्या आवाजात. सहा झाली. सातवं आलं तेव्हा ती म्हणाली, "एमूरेन. ते रिकामं ठेव." वहीत रिकामी जागा मी पहिल्यांदा ठेवली. बाकीच्यांपैकी कुणी पक्षी पाहिला नव्हता, आम्हा दोघींच्या अंगाआड तो होता. शून्य न आल्याचं कुणीतरी विचारलं. कोरालीने नेव्हिलला हाक मारून पुढे जायला सांगितलं, आज शेवटी ती चालेल.

"मी पुढे?" नेव्हिल म्हणाला. "मग समुद्र विसरा. सगळे पबमध्ये पोचणार." पण तिच्याकडे पाहून तो निघाला.

बरंच अंतर पडेपर्यंत ती हळू चालत राहिली. मग वाटेतच थांबली.

"गात होता?"

"हो."

"किती वेळ?"

"सगळा वेळ, कोराली. आपण माळावर आल्यापासून. तो एकटा नाही, खूप आहेत. आत्ताही."

तिने आजूबाजूला पाहिलं, खोलीत आपल्याला न दिसणारी माणसं बसली आहेत असं कुणी सांगावं तसं.

"गेल्या वर्षी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "गेल्या वर्षीही," मी म्हटलं. "त्याच्या आधीही. मला किडे वाटले. तू काही बोलली नाहीस म्हणून."

"मी काही बोलले नाही म्हणून," ती म्हणाली. रागाने नाही. शब्द नीट ऐकू यावेत म्हणून पुन्हा म्हटल्यासारखं.

माळ संपतो तिथे मोठे खडक आहेत, जेवण तिथे होतं. सगळ्यांनी सँडविच काढले, थर्मास उघडले. कोरालीने वही मागून घेतली आणि मागे मागे उलटत गेली. डेसचं अक्षर लागेपर्यंत गेली आणि मग तिथून पुन्हा पुढे यायला लागली, एका बोटाने. मी शेजारी होते. आठ वर्षांपूर्वी दलदलीतला एक इवलासा पक्षी शून्य झाला होता. मग घळीतला एक. मग रुपेरी डोळ्यांचा. मग एमूरेन. ज्यांचे आवाज सगळ्यांत बारीक तेच आधी, मग त्याहून जरा जाड. दुष्काळ म्हणून आम्ही हळहळलो होतो. दोन वर्षांपूर्वीच्या क्लबच्या सभेत त्यांच्यासाठी एक मिनिट उभेही राहिलो होतो.

"हे जंगल नाही," ती म्हणाली. "ही मी आहे."

नेव्हिल केक घेऊन आला होता आणि त्याने ऐकलं. काय झालं ते त्याने दोन प्रश्नांत काढून घेतलं. नेव्हिलला स्वतःला आता नीट ऐकू येत नाही आणि ते तो सगळ्यांना सांगत सुटतो. तो खडकावर टेकला. मग म्हणाला, पाहिलास ना डोळ्यांनी? मग एक लिही. दिसला, एक. ऑफिसला एक पुरे आहे, माळ वाचला. मागची पानं कशाला उकरायची? ती कोण वाचतंय?

"एक लिहिलं तर त्यांना वाटेल शेवटचा उरलाय," कोराली म्हणाली. "शेवटच्यासाठी कोण तुकडे पाडत बसतं? आणि बाकीचे तीन? त्यांना मेलेलेच ठेवू?"

"तुझ्याबद्दल बोलतोय मी, बये. एकतीस वर्षांची वही आहे. एका दुपारीत रद्दी करशील."

"रद्दी नाही. कुठपर्यंत खरी आहे ते लिहायचं फक्त." तिने पेन घेतलं, पण लिहिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "डेसला कळलं असेल. शेवटी शेवटी तो एकदोनदा म्हणाला होता, कोराली, नक्की ना? मी चिडले होते त्याच्यावर."

नेव्हिलने केकची पुडी तिच्या मांडीवर ठेवली आणि तो बाजूला जाऊन बसला.

तिने लिहिलं ते मी वाचलं नाही, तिनेच वाचून दाखवलं, सगळ्यांना, उभं राहून. आठ वर्षांपूर्वीच्या त्या पानापासून पुढची चार पक्ष्यांची शून्यं तिच्या कानांची आहेत, जागेची नाहीत. ती धरू नयेत. आज माळावर एमूरेन आहे, किती ते दुसऱ्या कुणी येऊन ऐकावं. खाली सही. वाचताना ती एकदाच बोट ठेवून थांबली, डेसने लिहिलेल्या त्या पानाची तारीख आली तेव्हा. मग ज्याला तिने घळीत बायकोवरून चिडवलं होतं तो उठला आणि आपल्या थर्मासमधला चहा तिच्या कपात ओतून गेला.

पाचवा थांबा राहिला होता. वाळूच्या टेकड्यांमध्ये एक खोलगट जागा आहे, समुद्र दिसत नाही पण असतो. नियमाप्रमाणे आता ऐकणारं कुणी नव्हतं, तेव्हा मला वाटलं की आपण सरळ किनाऱ्यावर उतरू. कोराली थांबली. वही तिच्याच हातात होती. तिने मला पुढे ओढलं आणि म्हणाली, वर कर हात.

मला नावं येत नाहीत, मी म्हटलं.

नावं माझ्याकडे आहेत, ती म्हणाली.

मी हात वर केला. डोळे मिटले. सुरुवातीला नुसता समुद्र होता, सगळ्या दिशांनी, आणि माझ्या छातीतली धडधड. मग समुद्र एका बाजूला गेला. वाळूवरून वाळू सरकत होती. गवताची पाती वाळूवर अर्धगोल काढत होती, तो आवाजही निराळा होता. आणि मग त्याच्यावर, त्याच्यामधून, एकेक जण यायला लागला. मी हात किती वेळ वर धरला होता कुणास ठाऊक, खांदा दुखल्याचं मला नंतर कळलं.

"सांग," कोराली म्हणाली.

मी सांगत गेले. एक आवाज ओल्या बोटाने काच पुसल्यासारखा, दोनदा. एक कात्री पटपट चालवल्यासारखा, डावीकडून, खाली. एक कुणीतरी लांबून लहान घंटी हलवून लगेच मुठीत धरावी तसा. ती विचारत होती, वर जातो का खाली उतरतो शेवटी? थांबून थांबून का सलग? एकच की उत्तर येतं? मी पुन्हा आठवायचे, तोंडाने करून दाखवायचा प्रयत्न करायचे, आणि मागे कुणीतरी हसू दाबायचं. कात्रीचा आवाज तिला लगेच कळला, ती नाचण. काच पुसणारा कळायला तीन प्रश्न लागले. घंटीच्या आवाजापाशी ती अडली. तिने मला तो चार वेळा करायला लावला. पाचव्या वेळी माझ्या तोंडाकडे बघता बघता तिचा चेहरा एकदम सैल झाला.

"रुपेरी डोळ्यांचा," ती म्हणाली आणि लिहायला लागली. "किती होते?"

"सात-आठ तरी."

"सात की आठ?"

"आठ."

आठ, तिने लिहिलं. तिचं अक्षर डेसपेक्षा वाईट आहे, हे मला तेव्हा कळलं.

सोमवारी तिने ऑफिसला फोन केला. मी शहरात परतले होते, फोनचं हे नेव्हिलने मला सांगितलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पलीकडच्या तरुण बाईला आधी वाटलं की कुणी म्हातारी तक्रार करतेय. मग ती पंधरा मिनिटं गप्प राहून ऐकत होती. त्या आठवड्यात ऑफिसचे दोघेजण आवाज टिपायची यंत्रं घेऊन माळावर दोन दिवस राहिले. अकरा जोड्या, असं कळवलं. मागच्या नोंदींपुढे त्यांनी कोरालीची ओळ जशीच्या तशी जोडली. त्यानंतर दोन-तीन आठवडे ती दुकानातही कुणाशी फार बोलली नाही, आयरिस म्हणाली. क्लबात कुणीतरी कानाच्या यंत्राचा विषय काढला तर तिने तो कापला. आता कधीतरी डॉक्टरकडे जाईन म्हणते. अजून गेलेली नाही.

एप्रिलमध्ये माळ जाळला, पट्ट्यापट्ट्यांनी. इस्टरच्या सुट्टीत मी आले होते. आम्ही दोघी चालत वर गेलो. बुटांचे तळवे घासले, जरी पुढे सगळी राखच होती. काळ्या पट्ट्यांमध्ये झुडपांचे सांगाडे उभे होते आणि बँक्सियाची बोंडं उघडून बी बाहेर पडलं होतं. मधेमधे न जळलेले हिरवे तुकडे, एवढ्या काळ्यात आणखीच हिरवे दिसणारे. कुठेच कसला वास उरला नव्हता, आठवडाभर पाऊस होऊन गेला होता.

एका हिरव्या तुकड्यापाशी मी थांबले. कोराली माझ्याकडे बघत होती. हल्ली ती माझा चेहरा बघते.

"आहेत?"

"दोन. नाही, तीन."

"कुठे?"

मी तिचे खांदे धरले आणि तिला थोडं डावीकडे वळवलं.